गुरुवारची कोथिंबीर, रविवारची कोथिंबीर : फिरत्या पाळीच्या घरातील आहार-नियोजनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब माझ्याकडे आले ते आजींच्या साखरेसाठी, आठवड्याच्या बाजारासाठी नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अडुसष्ट वर्षांच्या आजींना त्यांच्या डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाकडे पाठवले. सोबत सून आली होती. आजी काय खातात, असे विचारल्यावर सूनबाईंनी दिलेले उत्तर मी जसेच्या तसे टिपून ठेवले आहे : ‘‘घरात जे उरेल ते.’’ हे ऐकून आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांना ते आवडले नसल्याचे दिसत होते. हे प्रकरण आजींच्या ताटापुरते नाही, एवढे त्याच क्षणी कळायला हवे होते. मला ते कळायला दीड महिना लागला.

घर चिंचवडमध्ये आहे आणि घरात पाच माणसे आहेत : आजी, त्यांचा मुलगा, सून, चौदा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू. मुलगा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिरत्या पाळीवर काम करतो. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा आणि तिसरी रात्रपाळी. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शुक्रवारी पाळी बदलते. सूनबाई शिवाजीनगरला एका पतसंस्थेत नोकरी करतात. त्या सकाळी नऊला मेट्रोने निघतात आणि संध्याकाळी सव्वासातला घरी पोहोचतात. त्यांची सुट्टी रविवारी. म्हणजे नवरा-बायको दोघेही पूर्ण दिवस घरी आहेत, असा वार या घरात नाही.

सकाळी पावणेसातला स्वयंपाकाच्या मावशी येतात. सगळ्यांच्या पोळ्या आणि एक भाजी करून, डबे भरून त्या साडेसातला पुढच्या घरी जातात. संध्याकाळचा स्वयंपाक सूनबाई करतात. फ्रिज २१० लिटरचा, एका दाराचा आहे. पुढे त्याचा संबंध येतो, म्हणून नोंदवले.

अडचण नेमकी काय होती

सूनबाईंच्या मते अडचण वेळेची होती. त्यांच्या नवऱ्याच्या मते पैशाची, कारण दहा-पंधरा मिनिटांत सामान घरपोच देणाऱ्या अॅपवरून वारंवार मागवणे चालू होते आणि प्रत्येक वेळी एका जिनसासाठी उघडलेल्या यादीत चार जिनसा वाढत होत्या. आजींच्या मते मात्र या घरात ‘‘कोणी काही बघतच नाही.’’

मी त्यांना चौदा दिवस तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या : काय आणले, काय टाकले आणि ‘आज काय करायचे’ हा प्रश्न कोणी, किती वाजता विचारला. तिसरी नोंद त्यांना विचित्र वाटली, परंतु सर्वांत उपयोगी तीच ठरली.

चौदा दिवसांत सुमारे ३ किलो ४०० ग्रॅम अन्न टाकले गेले. त्यात कोथिंबिरीच्या तीन जुड्या, मेथीची एक संपूर्ण जुडी, काळपट पडलेली गवार, मऊ झालेले टोमॅटो, बुरशी आलेली नारळाची अर्धी कवड आणि बऱ्याच पोळ्या होत्या. अॅपवरून मागणी अकरा वेळा झाली होती आणि त्यातल्या सहा वेळा मागवलेल्या वस्तूंपैकी निदान एक वस्तू घरात आधीच होती.

कोथिंबिरीचा उलगडा लगेच झाला. मुलगा गुरुवारी सुट्टी म्हणून पिंपरीच्या मंडईत जाई आणि पिशवी भरून आणी. सूनबाई रविवारी पुन्हा जात. गुरुवारचे काय उरले आहे हे रविवारी पाहिले जात नसे, आणि रविवारी काय आणले ते गुरुवारपर्यंत नव्या पालेभाजीखाली दडपलेले असे. दोघेही मनापासून घरासाठी राबत होते. एकाच कामाचे दोन मालक असले की जे होते ते होत होते.

पोळ्यांचे कारण निराळे होते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मुलगा दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवतो आणि रात्री घरी. दुसऱ्या पाळीत नेमके उलटे. रात्रपाळीत दोन्ही जेवणे घरी होतात, मात्र दुपारचे जेवण तीन वाजता, झोपून उठल्यावर. अशा रीतीने सकाळच्या पोळ्यांची गरज आठवड्यागणिक चार-पाचने बदलत होती आणि मावशी मात्र बारा महिने वीस पोळ्या लाटत होत्या, कारण वेगळे काही त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. उरलेल्या पोळ्यांचा संध्याकाळी कुस्करा होई, आणि तो मुलांनी नाकारला की आजी खात. ‘जे उरेल ते’ याचा अर्थ हा होता.

तिसऱ्या नोंदीत ‘आज काय?’ हा प्रश्न चौदा दिवसांत एकवीस वेळा आला होता. त्यातल्या बहुतेक वेळा तो सकाळी पावणेसातला मावशींनी विचारलेला किंवा संध्याकाळी परतीच्या मेट्रोत सूनबाईंनी स्वतःला विचारलेला होता. दोन्ही वेळी हाताशी काही चिरलेले नव्हते, निवडलेले नव्हते, भिजवलेले नव्हते. त्यामुळे उत्तर पुन्हा पुन्हा तेच येई : बटाटा. मधुमेह असलेल्या आजींच्या ताटात आठवड्यातून पाच वेळा बटाटा का येतो, या माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मावशींना संध्याकाळीही बोलावण्याचा होता. मावशींना ती वेळ जमत नव्हती आणि दुसरी बाई शोधणे आजींना मान्य नव्हते. दुसरा पर्याय आठवड्यातून काही दिवस जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आणण्याचा. तो सूनबाईंना पटला होता. मला तेल आणि मीठ यांची शंका होती, तरीही मी तो राखून ठेवायला सांगितले.

तिसरा पर्याय सध्या लोकप्रिय असलेला, म्हणजे रविवारी एकदम तीन-चार दिवसांचे शिजवून ठेवण्याचा. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. एका दाराच्या फ्रिजमध्ये पाच माणसांच्या चार दिवसांच्या भाज्या आणि आमट्या मावणे कठीण होते. शिवाय ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये हवा खेळत नाही, आतले तापमान चार-पाच अंशांच्या खाली राहत नाही आणि शिजवलेले अन्न लवकर आंबते. आजी शिळे खात नाहीत, हा त्याहून मोठा अडसर होता. सूनबाई याला हट्ट म्हणत. माझे मत वेगळे होते. ज्या व्यक्तीसाठी नियोजन करायचे तिलाच न चालणारी पद्धत हे नियोजन नव्हे.

चौथा पर्याय आठवड्याचा तक्ता. सोमवार ते रविवार, न्याहारी, डबा आणि रात्रीचे जेवण असे एकवीस चौकोन. तो आम्ही निवडला.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

तक्ता मी आणि सूनबाईंनी माझ्या खोलीत बसून तासाभरात तयार केला. तो दिसायला देखणा होता. सोमवारी मेथी, मंगळवारी मटकीची उसळ, बुधवारी दुधी, गुरुवारी पालक, असे सगळे आजींच्या साखरेला आणि मुलांच्या वाढीला धरून होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो फ्रिजच्या दारावर लागला, दुसऱ्या आठवड्यात अर्धा पाळला गेला आणि तिसऱ्यात त्यावर शाळेच्या सहलीची सूचना चिकटवली गेली.

फसण्याची कारणे पाहता चूक त्या कुटुंबाची कमी आणि माझी अधिक होती. मेथी सोमवारी होती, म्हणजे रविवारच्या बाजारावर अवलंबून होती, आणि पालक गुरुवारी सकाळी हवा होता, म्हणजे तो रविवारपासून चार दिवस टिकायला हवा होता. पालेभाजी घरच्या फ्रिजमध्ये दोन, फार तर तीन दिवस बरी राहते. मंगळवारी सकाळी मोड आलेली मटकी हवी असेल तर ती रविवारी सकाळी भिजत घालावी लागते, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते आणि गारठा असेल तर तेवढ्यानेही मोड पुरेसे येत नाहीत. तक्त्यात ‘मटकी’ एवढेच लिहिले होते, भिजवण्याचा वार कुठेच नव्हता. मंगळवारी कोरडी मटकी पाहून मावशींनी शहाणपणाने बटाटा चिरला.

सर्वांत मोठी चूक मात्र आठवड्याच्या आरंभाची होती. आम्ही तो सोमवारी धरला, कारण तक्ते सोमवारी सुरू होतात. या घराचा आठवडा शुक्रवारी सुरू होत होता. पाळी शुक्रवारी बदलते, जेवणारी माणसे शुक्रवारी बदलतात, मोठा बाजार आदल्या गुरुवारी होतो. सोमवार या घरात कशाचाच आरंभ नव्हता.

आजींना तक्ता करताना विचारले नव्हते, हेही इथे सांगितले पाहिजे. ज्या बाईने पस्तीस वर्षे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरले, तूरडाळीला ऊन दाखवून एरंडेल चोळले, तिच्या स्वयंपाकघरात बाहेरून छापील कागद आला होता. त्यांनी तो वाचला नाही. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

दुसरी मांडणी

एप्रिलमध्ये मी त्यांच्या घरी गेले, आणि या वेळी सगळे जण गुरुवारी संध्याकाळी सातनंतर एकत्र बसले. पहिला निर्णय बाजाराच्या मालकीचा झाला. मोठा बाजार गुरुवारचा आणि तो मुलाचा. रविवारी सूनबाई फक्त पालेभाजी, कोथिंबीर आणि फळे आणतील, बाकी काही नाही. हे ‘बाकी काही नाही’ सूनबाईंना सहजासहजी मान्य झाले नाही. मंडईत स्वस्त आणि ताजी गवार दिसत असताना ती सोडून येणे त्यांना व्यवहाराला धरून वाटेना. गवार घ्यायचीच असेल तर तिथून फोन करून गुरुवारची कोणती भाजी शिल्लक आहे ते विचारायचे, या अटीवर तोडगा निघाला.

दुसरा निर्णय पदार्थांची नावे काढून टाकण्याचा. त्याऐवजी भाजी टिकण्याच्या क्रमाने दिवस लावले. गुरुवारच्या बाजारानंतर शुक्रवार आणि शनिवार पालेभाजीचे, रविवारी भेंडी, गवार अशी लवकर निबर होणारी फळभाजी, सोमवारी रविवारची पालेभाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी कोबी, दुधी किंवा लाल भोपळा यांपैकी जे असेल ते. न चिरलेला भोपळा आणि कोबी आठवडाभर मुकाट्याने राहतात, म्हणून ते शेवटी. गुरुवार मोकळा ठेवला. त्या दिवशी मुलगा घरी असतो आणि उरल्यासुरल्याचे थालीपीठ किंवा पिठले होते. कोणती पालेभाजी, कोणती उसळ, हे त्या त्या आठवड्याच्या बाजारावर सोडले.

तिसरा निर्णय ‘उद्या काय’ हे आजींनी ठरवण्याचा. दुपारी चारच्या चहानंतर त्या फ्रिज पाहतील, उद्याची भाजी निवडतील, आणि रात्री ती ओट्याजवळच्या रिकाम्या पातेल्यात किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यातल्या ठरलेल्या डब्यात वेगळी ठेवली जाईल. मावशींना वेगळा निरोप द्यायची गरज उरली नाही, काढून ठेवलेली भाजी हाच निरोप. पोळ्यांचा आकडा नातीने शुक्रवारी खडूने स्वयंपाकघराच्या दारामागे लिहायचा : पहिल्या पाळीला चौदा, दुसरीला अठरा, रात्रपाळीला पुन्हा अठरा.

नोंदींसाठी नवा कागद लावला नाही. भिंतीवर ‘कालनिर्णय’ होतेच. दुधाचा हिशेब त्याच चौकटींत लिहिला जात होता, उपवास आणि सण त्यातच छापलेले होते. त्यात ‘प’, ‘दु’ आणि ‘रा’ अशी पाळीची अक्षरे आली आणि रविवारच्या चौकटीत आजींच्या हस्ताक्षरात ‘भिजत’ एवढा एक शब्द.

शिजवून ठेवण्याऐवजी तयारी करून ठेवण्यावर आम्ही थांबलो. गुरुवारी संध्याकाळी कांदा-खोबऱ्याचे वाटण, शेंगदाण्याचे कूट आणि आले-मिरचीचा ठेचा. रात्रपाळीच्या आठवड्यात याचा आणखी एक उपयोग दिसला, जो माझ्या डोक्यातही नव्हता. त्या सहा दिवसांत दिवसा मिक्सर लावता येत नाही, कारण मुलगा झोपलेला असतो.

प्रमाणाबद्दल मी एक गोष्ट जाणीवपूर्वक सोडून दिली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवलेली आहेत. पाच माणसांचा हिशेब आठवड्याला बारा-चौदा किलो भाजीचा होतो. हे घर सात-आठ किलो आणत होते आणि त्यातलेही टाकत होते. आधी आणलेले पोटात जाऊ दे, मग वाढवू, असे मी ठरवले. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटणार नाही.

चातुर्मास आणि श्रावण

जून सुरळीत गेला. खरी कसोटी १७ जुलैच्या आषाढी एकादशीपासून लागली. चातुर्मासात आजी कांदा, लसूण आणि वांगे खात नाहीत, म्हणजे गुरुवारचे कांदा-खोबऱ्याचे वाटण त्यांच्या कामाचे राहिले नाही. दोन वेगवेगळ्या भाज्या करणे मावशींना पाऊण तासात शक्य नव्हते. तेव्हा सकाळची भाजी सर्वांसाठी कांदा-लसणाशिवाय, वाटणाच्या जागी ओले खोबरे-जिरे, आणि ज्यांना हवा त्यांच्यासाठी संध्याकाळी दह्यातला कांदा, असे ठरले. फेब्रुवारीत किलोला चारशे रुपयांच्या घरात गेलेला लसूण आता लागतच नाही, अशी मुलाने केलेली टिप्पणी आजींना मात्र रुचली नाही.

त्या वर्षी श्रावण सोमवारीच, ५ ऑगस्टला सुरू झाला आणि त्यात पाच सोमवार आले. शिवाय दोन एकादशा आणि संकष्टी. आजींना उपवास सोडा असे मी सांगितले नाही. मात्र मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना दिवसभर उपाशी राहून साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, म्हणून गोळ्यांच्या वेळा आधी डॉक्टरांकडून ठरवून घेण्याचा आग्रह धरला. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यामुळे ती महिन्यातून एकदा आणि इतर वेळी थोडी भगर, भरपूर शेंगदाण्याची आमटी, ताक आणि काकडी, अशी तडजोड झाली.

खरा पेच सोमवार सोडण्याच्या वेळेचा होता. सूनबाई सव्वासातला येणार, स्वयंपाक होऊन पान वाढायला साडेआठ होणार. इतका वेळ आजींना ताटकळत ठेवणे बरोबर नव्हते, आणि सकाळी केलेल्या भाजीने त्या उपवास सोडणार नव्हत्या. नातीने सव्वासहाला वरण-भाताचा कुकर लावायचा आणि आजींनी बसल्या बसल्या चिरून दिलेली भाजी फोडणीला टाकायची, असा मार्ग निघाला. पहिल्या सोमवारी कुकरमध्ये पाणी घालायचे राहिले आणि तळ करपला. दुसऱ्यापासून सातला पान वाढले जाऊ लागले.

काय साधले, काय नाही

ऑगस्टअखेर पुन्हा चौदा दिवसांची नोंद घेतली. टाकलेले अन्न १ किलो १०० ग्रॅमवर आले होते आणि अॅपवरची मागणी अकरावरून चारवर. किराण्याचा खर्च उतरला, परंतु भाजी-फळांचा थोडा वाढला, कारण फळे नियमित येऊ लागली. बटाटा आठवड्यातून एक-दोनदा. आजींची तीन महिन्यांची सरासरी साखर सप्टेंबरच्या तपासणीत सुधारलेली दिसली. मात्र मधल्या काळात डॉक्टरांनी औषधही बदलले होते, त्यामुळे त्याचे श्रेय या मांडणीला देणे योग्य होणार नाही.

गणेश चतुर्थीला, ७ सप्टेंबरच्या आधी दोन दिवस मावशी कोकणात गावी गेल्या आणि दहा दिवस घडी विस्कटली. राखून ठेवलेला पोळी-भाजी केंद्राचा पर्याय तेव्हा कामी आला. तो आधीच मान्य करून ठेवला असल्याने त्यावरून घरात वाद झाला नाही.

रात्रपाळीचा आठवडा अजूनही जुळलेला नाही. मुलगा तीन वाजता एकटा जेवतो, तेव्हा सकाळची भाजी आठ तासांची झालेली असते, आणि सकाळी परतल्यावर तो वडापाव खाऊन झोपतो. त्यावर आम्ही दोन उपाय करून पाहिले आणि दोन्ही सोडले. नातवाने दुधी खाल्लेला नाही.

वेगळे काय करता आले असते

दीड महिना वाया गेला तो मी तक्ता कुटुंबाच्या घरात न करता माझ्या टेबलावर केला म्हणून. चौदा दिवसांची नोंद हाती आल्यावर पाळी, बाजार आणि जेवणारी माणसे यांची सांगड त्यातच दिसत होती. मी मात्र त्यातून केवळ पोषणाचे प्रश्न वेचले. आजींना पहिल्याच भेटीत विचारले असते, तर भिजवण्याचा वार तक्त्यात आपोआप आला असता.

आजींवर रोजचा निर्णय सोपवताना त्यांच्यावर किती भार पडतो, हेही मी नीट मोजले नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना आठवडाभर ताप आला, तेव्हा दुपारी चारला फ्रिज पाहणारे कोणी उरले नाही आणि तिसऱ्या दिवशी पावणेसातला मावशींनी पुन्हा ‘आज भाजी काय करू?’ असे विचारले. बदली माणूस आधीच ठरवायला हवा होता. सध्या आजी बऱ्या नसतील तेव्हा भाजी नात काढून ठेवते. तिची दहावी पुढच्या वर्षी आहे, त्यामुळे ही व्यवस्थाही मार्चपुढे चालणार नाही, आणि ते काम मुलाने घ्यावे की सूनबाईंनी, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.

मावशींना मात्र मी शेवटपर्यंत बैठकीला बोलावले नाही. वीस पोळ्यांची गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. नोव्हेंबरमध्ये सहज बोलताना त्या म्हणाल्या, ‘‘उरतात हे दिसायचं, पण मला सांगितल्या तेवढ्या मी करायची.’’